बेळगावातून प्रवाळातल्या माशांकडे: पोस्टडॉक करू पाहणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली मुलं प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतात आणि पुढं समुद्रावर काम करायचं म्हटलं की घरचे विचारतात, ‘इथं कुठाय समुद्र?’ तसा तो फार लांब नाही. खानापूरच्या जंगलात उगम पावणारी म्हादई पणजीला समुद्राला मिळते आणि तिथून जवळच दोनापावलाला १९६६ साली सुरू झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. चोर्ला घाट उतरलात की पोचलात. कारवारला कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभाग आहे. पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं ठराविक मुदतीचं संशोधन, करताना शिकवणं आणि संशोधन दोन्ही सांभाळायचं असेल, तर खरी ओढाताण होते ती वेळापत्रकाची.

पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. पाणी गढूळ, बोटी बंद. प्रवाळातले मासे मोजायचे तर दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत. नेमक्या याच महिन्यांत कॉलेजात प्रॅक्टिकल, परीक्षा आणि पेपर तपासणी येते. म्हणून जागा स्वीकारण्याआधी गाईडना स्पष्ट विचारा: पावसाळ्याच्या सत्रात मी जास्त तास घेते, हिवाळ्यात मला सलग आठवडे मोकळे मिळतील का? मिळालेलं उत्तर ईमेलवर लिहून घ्या. एका ठिकाणी मला तोंडी होकार मिळाला होता, पण जानेवारी उजाडला तेव्हा परीक्षेच्या ड्युटीची यादी हातात आली आणि त्या वर्षीची बरीचशी मोजणी राहून गेली.

सीमाभागातल्यांनी आणखी एक गोष्ट आधीच ठरवावी. कॉलेजात प्राध्यापक व्हायला पात्रता परीक्षा लागते: राज्याची सेट किंवा देशपातळीवरची नेट. महाराष्ट्राची सेट कर्नाटकात चालत नाही आणि कर्नाटकची के-सेट महाराष्ट्रात चालत नाही; नेट दोन्हीकडे चालते. आपल्यातले बरेच जण कोल्हापूरला शिकतात आणि नोकरी बेळगावात शोधतात, किंवा याच्या उलट. त्यामुळं माझं मत ठाम आहे, पहिला जोर नेटवर लावा. सागरी परिसंस्थेचा वेगळा पेपर नाही, सीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची) जीवशास्त्राची नेट द्यायची. केंद्राच्या राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपची मुदत 2 वर्षांची असते आणि वयाची अट साधारण 35 वर्षांची, काही गटांना त्यात सवलत आहे. पीएच.डी. लांबवत राहिलात तर ही वाट बंद होते.

आता पाण्यातलं काम. 50 मीटरची टेप प्रवाळावरून अंथरायची, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर धरायचे आणि त्या पट्ट्यात दिसेल तो मासा, त्याची जात आणि अंदाजे लांबी प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीनं लिहीत पुढं सरकायचं. नजर लांबीला सरावते, त्यासाठी आधी ठराविक लांबीच्या लाकडी पट्ट्या पाण्यात टाकून अंदाज तपासतात. पोपट मासे प्रवाळ खरवडत असतील तर त्यांच्या दातांचा कुरकुर आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो. त्यांनी शेवाळ खाल्लं नाही तर प्रवाळाच्या नव्या पिलांना बसायला मोकळी जागाच उरत नाही. लक्षद्वीपला 1998, 2010 आणि 2016 मध्ये पाणी तापून प्रवाळ पांढरे पडले. अशा वेळी प्रवाळाचा खडक सावरणार की नाही, यात या माशांचा वाटा मोठा असतो. म्हणून ते मोजायचे.

विहिरीत पोहायला शिकलेल्यांना भीती वाटायचं कारण नाही. डायव्हिंगचा पहिला कोर्स 18 मीटर खोलीपर्यंतचा असतो आणि सरावाला मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट आहे. कोर्सचा आणि विम्याचा खर्च मात्र प्रकल्पाच्या बजेटमध्ये आधीच लिहा, नंतर कुणी देत नाही.

समुद्र नसलेल्या गावात समुद्र शिकवायचा कसा, असं मला नव्या शिक्षिका विचारतात. मी पोरांना पहाटे मासळी बाजारात नेते. गोव्याहून, कारवारहून आलेल्या मालात हेकरू आणि तांबोशी शोधायला लावते, हे खडकाळ भागातले मासे. कापणाऱ्या मावशींना आधी सांगून ठेवलं तर त्या हेकरूची डोकी बाजूला काढून ठेवतात. त्यातून कानातला खडा काढायचा, मधोमध मोडायचा, ज्योतीवर किंचित भाजायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. वर्तुळं दिसतात, झाडाच्या बुंध्यात दिसतात तशी, त्यावरून वय काढतात. हेकरूच्या बहुतेक जाती आधी मादी असतात, मोठे झाल्यावर त्यातले काही नर होतात. मोठ्या माशाला भाव जास्त, म्हणजे आधी नर पकडले जातात. हे वजनकाट्यासमोर उभं राहून समजलं की पोरं विसरत नाहीत. लक्षद्वीपच्या बित्रा बेटाजवळ याच कुळातले मासे अमावस्येच्या सुमारास अंडी घालायला एकत्र जमतात. त्या चार दिवसांत तिथं मासेमारी झाली तर काय उरेल, हा प्रश्न मग पोरं स्वतःच विचारतात. संशोधनासाठी मला सुचलेले काही चांगले प्रश्न अशा वर्गांतूनच आले आहेत.

वर्गात दाखवायला म्हणून किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा मात्र उचलून आणू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहे, समुद्रघोडेही आहेत. नमुना घ्यायचा तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. लक्षद्वीपला जायला प्रवेश परवाना वेगळा आणि संशोधनाची मंजुरी वेगळी. हे कागद हलायला महिने जातात. त्यामुळं जूनमध्ये तास सुरू होतात त्याच आठवड्यात अर्ज टाका आणि गणपतीच्या सुट्टीआधी एकदा फोन करून फाईल कुठं आहे ते विचारा.