लिव्हरपूलला बीटल्स बँडच्या जॉन लेनन आणि पॉल मॅककार्टनीची लहानपणची घरं बघायची असतील तर...

तर आधी ऑनलाइन बुकिंग करा, कारण दोन्ही घरं नॅशनल ट्रस्टकडे (जुन्या वास्तू जपणारी ब्रिटिश संस्था) आहेत आणि आत जायचं तर त्यांच्या मिनीबस टूरनेच, थेट दारात जाऊन उभं राहिलात तर बाहेरूनच फोटो काढून परत यावं लागतं. ग्रुप छोटे असतात, सीझनमध्ये स्लॉट भरतात, म्हणून तारखा ठरल्या की लगेच बुक केलेलं बरं. आत फोटो काढू देत नाहीत, बॅग-कॅमेरा जमा करावा लागतो, तेव्हा सामान कमीच न्या.

मेन्डिप्स म्हणजे जॉनच्या मिमी मावशीचं घर, जॉन इथेच वाढला, तिथला पुढचा पोर्च नीट बघा, मावशी या पोरांना गिटार घेऊन तिकडेच पिटाळायची आणि त्यांनाही तिथला घुमणारा आवाज आवडायचा. पण मला विचाराल तर २०, फोर्थलिन रोड हे पॉलचं घर जास्त भारी, साधं कौन्सिलचं (म्हणजे नगरपालिकेचं भाड्याचं) घर, आणि पॉलच्या भावाने, माइकने, तेव्हा काढलेले फोटो तिथेच लावलेत, त्यामुळे फोटोतली खोली आणि समोरची खोली ताडून बघता येते. सोबतचे गाइड बरंच सांगतात, बिनधास्त प्रश्न विचारा.