वस्तीतल्या बागेचा पालक पिवळा का पडत होता

आमच्या वस्तीच्या सामायिक बागेत पालक चार पानांवर आला की खालची पानं पिवळी पडायची. ज्यांना ताजी भाजी परवडत नाही त्यांच्यासाठीच ही बाग, म्हणून जीव तुटायचा. पाणी वाढवून बघितलं, फरक शून्य. मग वाफा उकरला. खतात सुकी पानं जशीच्या तशी, शिरासुद्धा मोजता येतील अशी! असं कच्चं खत कुजवताना जंतू मातीतलाच नायट्रोजन ओढून घेतात आणि रोप उपाशी राहतं. सगळं खत काढलं, त्यात घरोघरचा भाजीपाल्याचा ओला कचरा मिसळून पुन्हा ढीग लावला, दर आठवड्याला वरखाली केला. आत हात घालवेना इतका तो तापला. थंड होऊन काळा, भुसभुशीत झाल्यावरच वाफ्यात घातला. आताची पानं हिरवीगार आहेत. पहिली जुडी शेजारच्या आजींना दिली.