बर्फातले फोटो का बिघडतात? या चुका टाळा

बर्फाच्या फोटोंबद्दल नेहमीची तक्रार अशी असते: समोर सगळं लखलखत होतं, फोटोत मात्र मळकट राखाडी आलं. नवशिके याचा दोष लेन्सला देतात आणि महागड्या लेन्सच्या शोधाला लागतात. पण दोष लेन्सचा नसतोच. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर, मागचा स्क्रीन, बॅटरीचं चिन्ह, फोकस लागल्याचा हिरवा चौकोन, या सगळ्यांचे आडाखे नेहमीच्या उजेडाला आणि नेहमीच्या तापमानाला धरून बांधलेले असतात. बर्फात ते चुकतात, आणि बहुतेक वेळा ठरावीक दिशेनेच चुकतात. ती दिशा ओळखता आली की बरेचसे फोटो जागेवरच वाचतात.

मीटर म्हणेल ते खरं मानणं

समोरचं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे, असं मीटर धरून चालतं. झाडं, खडक, रस्ता, आकाश असं मिश्रण असेल तर हा अंदाज ठीक बसतो. चौकट बर्फाने भरली की मीटरला उजेड जास्त झाल्यासारखा वाटतो. मग ते एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, कमी करतं आणि पांढऱ्याला ओढून राखाडीवर आणतं. हल्लीच्या कॅमेऱ्यांचं मॅट्रिक्स मीटरिंग (चौकटीचे अनेक भाग तपासून उजेड मोजणं) जरा शहाणं झालंय, तरी त्याचा कल अंधाराकडेच राहतो.

उपाय म्हणजे एक्स्पोजर कंपेन्सेशन, म्हणजे मीटरच्या मापाहून एक्स्पोजर हाताने वाढवणं: +१ ते +२ स्टॉप (एक स्टॉप वाढवला की उजेड दुप्पट). नेमकं किती, ते चौकटीत बर्फ किती आहे यावर ठरतं. अर्धी चौकट गर्द झाडीने व्यापली असेल तर थोडक्यात भागतं. सगळीकडे उजळ बर्फच असेल तर +२च्या जवळ जावं लागतं. याहून नेमकी रीतही आहे. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या सुमारास मांडलेल्या झोन पद्धतीत (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे टप्पे पाडायची पद्धत) मध्यम राखाडी पाचव्या झोनमध्ये येते, आणि पोत दिसणारा बर्फ सातव्या-आठव्या झोनमध्ये. एका झोनपासून पुढच्या झोनपर्यंत एक स्टॉपचं अंतर. म्हणून चौकटीचा लहानसा भागच मोजणारा स्पॉट मीटर उन्हातल्या बर्फावर धरायचा आणि तिथून २ स्टॉप वाढवायचे. बर्फ पांढरा येतो, कणही शिल्लक राहतात.

इथे दोन फसगती ठरलेल्या. मॅन्युअल मोडमध्ये आयएसओही (उजेडाबद्दलची संवेदनशीलता) हाताने ठरवलेला असेल, तर बहुतेक कॅमेऱ्यांत कंपेन्सेशनची चकती फिरवून एक्स्पोजर बदलत नाही. माणूस +२ लावून निर्धास्त होतो आणि फोटो तितकाच काळपट येतो. अशा वेळी मीटरचा काटाच शटर किंवा आयएसओ बदलून उजवीकडे न्यायचा. दुसरी फसगत याच्या उलट. मोकळ्या माळावर लावलेलं +१.७ झाडीत शिरल्यावरही तसंच राहतं आणि मग फांद्यांवरचा बर्फ जळून जातो, म्हणजे पोत हरवून निव्वळ पांढरा होतो. जागा बदलली की चकतीकडे एकदा बघायचं, ही सवय लावून घ्यावी.

स्क्रीन बघून निकाल देणं

पहाटेच्या अंधारात मागचा स्क्रीन झगझगीत वाटतो, त्यामुळे अंडरएक्स्पोज झालेला फोटोही छान दिसतो. भर उन्हात बर्फाची तिरीप डोळ्यांवर असते, तेव्हा तोच स्क्रीन काळोखा वाटतो आणि आपण उगाच एक्स्पोजर वाढवत बसतो. पोलराइज्ड गॉगल घातला असेल तर काही स्क्रीन एका कोनात जवळजवळ काळेच दिसतात. कॅमेरा बिघडला म्हणून घाबरण्याआधी गॉगल काढून बघा.

विश्वास हिस्टोग्रामवर, म्हणजे डावीकडे काळ्या ते उजवीकडे पांढऱ्या छटा दाखवणाऱ्या आलेखावर ठेवावा. बर्फाच्या फोटोत त्याचा डोंगर उजव्या बाजूला हवा, पण उजव्या भिंतीला चिकटलेला नको. डोंगर मधोमध उभा असेल तर बर्फ राखाडी आलाय, हे नक्की. जमल्यास तिन्ही रंगांचे वेगवेगळे आलेख दाखवणारा हिस्टोग्राम लावा, कारण एखादाच रंग आधी भिंतीला लागू शकतो. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढत असलात तरी कॅमेरा हा आलेख सहसा आतल्या जेपेगवरून बनवतो. त्यामुळे जळाला म्हणून स्क्रीनवर लुकलुकणारा थोडासा भाग बऱ्याचदा रॉमधून परत मिळतो. सूर्याचं बिंब जळालं तर जळू द्या, ते वाचवायच्या नादात सगळा माळ काळवंडतो.

निळ्या सावल्यांना चूक समजणं

उन्हातला बर्फ सूर्याचा प्रकाश परतवतो, तर सावलीतल्या बर्फावर निळ्या आकाशाचा प्रकाश पडतो. म्हणजे सावल्या खरंच निळ्या असतात. आपला मेंदू तो निळा रंग वजा करतो, कॅमेरा करत नाही. शेड हा व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल ठरवणारी सेटिंग) लावला तर निळा जातो खरा, पण उन्हातला बर्फ पिवळा पडतो. ऑटो तर सूर्योदयाची गुलाबी झाकही काही वेळा धुऊन टाकतो. रॉमध्ये काढा, व्हाइट बॅलन्स डेलाइटवर म्हणजे साधारण ५,२०० ते ५,५०० केल्व्हिनवर ठेवा आणि निळा फारच खुपत असेल तर नंतर फक्त सावल्यांमधला थोडा उतरवा. सगळा काढू नका. थंडी दिसते ती त्या निळ्यामुळेच.

बाहेरून आल्याबरोबर बॅग उघडणं

फोटो बिघडला तर पुन्हा काढता येतो. ही चूक मात्र थेट कॅमेऱ्याच्या जिवावर बेतू शकते. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत दवबिंदू (हवेतली वाफ पाणी होऊन जमू लागते ते तापमान) साधारण ९ अंशांवर असतो. त्याहून थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी जमणार. उणे १० अंशांवरून आत आलेला कॅमेरा फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखा घामेजतो, आणि फक्त बाहेरून नाही. दमट हवा फटींतून आत शिरते आणि लेन्सच्या भिंगांवर, सर्किटवरही ओल धरते.

म्हणून दाराबाहेर असतानाच मेमरी कार्ड आणि बॅटरी काढून घ्या, कॅमेरा हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत घाला, शक्य तेवढी हवा दाबून काढा आणि पिशवी बंद करा. मग आत जा. दव पिशवीच्या बाहेरच्या बाजूला जमेल. पिशवी बाहेरून पूर्ण कोरडी होऊन कॅमेरा खोलीइतका उबदार होईपर्यंत ती उघडायची नाही. याला तासभर लागतो, मोठ्या लेन्सला दोन-तीन तासही. फोटो बघायची घाई असते, म्हणून तर कार्ड आधीच काढायचं. हीटर लावलेल्या गाडीलाही हाच नियम लागू आहे. दर थांब्याला आत-बाहेर करायचं असेल तर कॅमेरा डिकीत थंडच राहू द्या.

उबेसाठी कॅमेरा जॅकेटच्या आत ठेवू नका. अंगाची वाफ आणि घाम त्याच्यावर बसतो आणि बाहेर काढताच गोठतो. उलट, बर्फ पडत असताना गरम कॅमेरा एकदम उघड्यावर काढला तर त्याच्यावर पडलेला भुगा वितळतो आणि मग बटणांच्या फटींत गोठून बसतो. आधी बॅगेतच थंड होऊ द्या. कोरडा थंड बर्फ थंड कॅमेऱ्यावरून ब्रशने सहज झटकता येतो.

ओल आत गेलीच असेल तर कॅमेरा चालू करून तपासू नका आणि हेअर ड्रायर तर मुळीच लावू नका. बॅटरी काढा आणि सिलिका जेलच्या पाकिटांबरोबर बंद डब्यात ठेवून द्या.

बॅटरी मेली म्हणून परतणं

थंडीत लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज घसरतं आणि कॅमेरा बॅटरी रिकामी असल्याचं सांगतो. ती बहुतेक वेळा रिकामी नसते, गारठलेली असते. छातीजवळच्या आतल्या खिशात थोडा वेळ ठेवली की पुन्हा बऱ्यापैकी चालते. जादा बॅटऱ्या त्याच खिशात ठेवा आणि आलटून पालटून वापरा, मात्र किल्ल्या आणि नाण्यांपासून दूर. शून्याखालच्या तापमानात बॅटरी चार्ज करणं तिच्या आयुष्याला घातक आहे, आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या. फोनचंही असंच होतं. परतीचा नकाशा फक्त फोनवर असेल तर तो फोनही अंगाजवळच हवा.

हिरवा चौकोन दिसला की समाधान

हिमवर्षावात ऑटोफोकस हमखास जवळच्या पडत्या कणावर जाऊन बसतो, आणि सपाट पांढऱ्या उतारावर त्याला पकडायला काही सापडतच नाही. झाडाच्या बुंध्याची किंवा खडकाची कड शोधून तिथे फोकस करा, मग मॅन्युअलवर टाका. जाड हातमोज्यांचा धक्का लागून रिंग सरकते, म्हणून मधूनमधून स्क्रीनवर चित्र मोठं करून तपासा. लेन्सवर बर्फ पडला तर तोंडाने फुंकर मारू नका, श्वासातली वाफ तिथेच गोठते. रबरी ब्लोअर वापरा. मोकळ्या आकाशाखाली रात्री फोटो काढताना पुढच्या भिंगावर दहिवर धरतं, कारण उष्णता आकाशाकडे निघून जाऊन काच भोवतालच्या हवेहूनही थंड होते. हात शेकायची पाकिटं लेन्सभोवती रबरबँडने बांधली तर हे टळतं. ती पाकिटं लोखंडाच्या भुकटीचं ऑक्सिडीकरण होऊन तापतात, त्यामुळे त्यांना हवा लागते. फार गच्च गुंडाळली तर थंड पडतात.

पडता बर्फ फोटोत दिसतच नाही, अशीही तक्रार असते. पांढऱ्या आकाशावर पांढरे कण कसे दिसणार? मागे काळपट झाडी किंवा कडा घ्या. १/२५० सेकंदाच्या आसपास कण ठिपक्यांसारखे येतात, १/३०ला रेघा होतात, आणि काही सेकंदांचं एक्स्पोजर दिलं तर ते विरून नुसतं धुकट दिसतं.

ट्रायपॉड बर्फावर नुसता टेकवणं

भुसभुशीत बर्फात पाय पूर्ण फाकवून दाब दिला तर ते आणखी फाकतात आणि सांध्यावर ताण येतो. थोडे आवळून घ्या, खाली घट्ट जमिनीपर्यंत रेटा आणि मग क्षणभर थांबा. एरवी पाय उघडताना सर्वांत बारीक भाग शेवटी ओढतात. इथे तो आधी पूर्ण ओढा, म्हणजे लॉक बर्फाच्या वर राहतात आणि गोठत नाहीत.

जागा निवडण्याआधी समोरच्या बर्फात पाय घालू नका. स्वतःच्याच पावलांनी उधळलेला पुढचा भाग ही नवशिक्यांच्या फोटोंची जुनी ओळख आहे. कडेने फिरून जा.

दुपार वाया घालवणं

फोटो फक्त पहाटे आणि संध्याकाळी, हा सल्ला उन्हाळ्यातला आहे. ६० अंश उत्तर अक्षांशावर २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम साडेसहा अंश वर येतो. म्हणजे दिवसभर तिरपं ऊन, आणि तिरप्या उन्हातच बर्फाच्या लाटा उठून दिसतात. तुमच्या पाठीमागून येणाऱ्या उन्हात तोच माळ सपाट वाटतो, म्हणून सूर्य बाजूला घ्या. पोलराइजर (चमक कमी करून आकाश गडद करणारा फिल्टर) वाइड लेन्सवर जपून वापरा: परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक असतो, त्यामुळे आकाशात एकाच जागी गडद डाग उमटतो.

थंडीला गृहीत धरणं

हर्बर्ट पॉन्टिंग हे १९१०–१३च्या टेरा नोव्हा अंटार्क्टिक मोहिमेचे छायाचित्रकार. फोकस करताना ओठांवरून फिरवलेली त्यांची जीभ कॅमेऱ्याच्या धातूला लागली आणि तिथेच गोठून चिकटली. सोडवताना कातडं निघालं. म्हणून आत पातळ आणि वर जाड असे दुहेरी हातमोजे घाला, आणि धातूला उघडी त्वचा लावू नका. गोठलेल्या तळ्यावर बर्फ साचला असेल तर खालचा थर किती जाड आहे हे बघून कळत नाही, फोटो काठावरूनच काढा. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका सर्वाधिक असतो, आणि तो उतार तुमच्या वरच्या अंगाला असला तरी धोका तुम्हालाच.

घरी येऊन पांढरं आणखी पांढरं करणं

एडिटिंगमध्ये व्हाइट्सची (सर्वांत उजळ छटांची) पट्टी ओढताना बर्फाचा सर्वांत उजळ भाग ० ते २५५च्या मापावर २४०–२५०च्या आसपास थांबवा. २५५ला पोहोचलेल्या जागी पोत उरत नाही. ढगाळ दिवशी तर आकाश आणि जमीन यांच्यातली रेघच पुसली जाते. प्रिंट काढणार असाल तर हे जास्तच जाणवतं, कारण निव्वळ पांढऱ्या जागी शाई पडतच नाही आणि तिथे नुसता कोरा कागद दिसतो.