जुन्या ग्रुप फोटोतली माणसं ओळखायची कशी?

इंदुरात एखाद्या वाचनालयाच्या, शाळेच्या किंवा गणेश मंडळाच्या कपाटातून जुना ग्रुप फोटो निघतो. मागे लिहिलेलं असतं ‘कार्यकारी मंडळ’, फार तर अध्यक्षांचं नाव. बाकीचे कोण, हे रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगरातल्या ऐंशी-नव्वदीच्या मंडळींनाच ठाऊक. तेव्हा हे काम ‘पुढच्या गणपतीत बघू’ म्हणून ठेवू नका.

आधी स्कॅन. ६०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) पुरे, फोटो अगदी लहान असेल तर १२००. पुठ्ठ्यावरून फोटो सोडवायला जाऊ नका. पुठ्ठ्यावरचा स्टुडिओचा छाप आणि मागचा मजकूरही स्कॅन करा. मूळ फोटो कपाटात ठेवून घरोघर न्यायला ए-थ्री प्रिंट काढा.

प्रिंटवर ट्रेसिंग पेपर ठेवून डोक्यांच्या बाह्यरेषा काढा आणि प्रत्येकीत क्रमांक घाला. मांडीवरचं बाळ आणि दारातला शिपाईसुद्धा मोजायचा. हेच बाळ आज तुमच्या समोर बसून माहिती देणारं असू शकतं!

मग साल जमेल तितकं आवळा. मागे घंटाघर, म्हणजे आताचा गांधी हॉल, दिसत असेल तर फोटो १९०४ च्या आधीचा नाही. होळकर संघ रणजी करंडकासह असेल तर चारच हंगाम शक्य: १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१, १९५२-५३. अशा फोटोत सी. के. नायडू, मुश्ताक अली पटकन सापडतात. त्यांच्या शेजारी बसलेल्यांसाठीच तर घरोघर जायचं.

आता विचारणं. खरी गोम इथेच आहे. ‘काकू, हे देशपांडे सरच ना?’ असं विचारलंत की काकू ‘हो, तेच असतील’ म्हणणार. त्याऐवजी प्रिंट पुढे ठेवा, ‘ओळखीचं कोणी दिसतंय का?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. नाव आठवलं नाही तरी ‘हा डावखुरा, पेटी वाजवायचा, जेल रोडला राहायचा’ असं काही निघतं. तेही शब्दशः लिहून घ्या. पुढच्या घरी त्यावरूनच नाव निघतं. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं तर आधी विचारा. पहिल्या फेरीत प्रत्येकाला वेगवेगळं भेटा. दहाजण एकत्र बसले की ज्याचा आवाज मोठा त्याचंच नाव पक्कं होतं.

‘हे आमचे तात्या’ एवढ्यावर उठू नका. इंदुरात तात्या आणि अण्णा घरटी एक आहेत. पाळण्यातलं नाव, वडिलांचं नाव, वाडा किंवा गल्ली, नोकरी विचारा. बायकांच्या बाबतीत तर दुप्पट काळजी हवी. लग्नात नाव बदलायच्या रीतीमुळे सासरी सुधा असलेल्या बाई माहेरी शांता असतात, आणि एकाच बाईंची दोन नोंदींत दोन माणसं होतात. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं लिहा. नुसतं ‘सौ. कुलकर्णी’ म्हणजे काहीच न लिहिल्यासारखं.

वहीत प्रत्येक क्रमांकापुढे चार रकाने ठेवा: नाव, कोणी सांगितलं, कधी, आणि भरवसा. भरवशाला तीनच शब्द पुरेत: खात्रीचं, बहुधा, ऐकीव. दोघांनी दोन नावं सांगितली तर एक खोडू नका. दोन्ही ठेवा आणि त्या घरातला त्याच काळातला दुसरा फोटो मागा. कान आणि कपाळाची ठेवण ताडून पाहा. मिशी आणि पगडी फसवतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चेहरे पुसट होतात. उत्तर क्रमांकासह मागा. ‘डावीकडून तिसरे’ म्हटलं की रांग कुठली, यावर अर्धा दिवस जातो.

गप्पांत घरातली भांडणं, दुसरी लग्नंही निघतात. ती ऐका, पण फोटोखालच्या मजकुरात घालू नका. हयात माणसांची नावं जाहीर करण्याआधी त्यांना विचारा.

शेवटी क्रमांकांची यादी छापलेली एकेक प्रत सांगणाऱ्यांच्या घरी पोचवा, रिकाम्या क्रमांकांपुढे जागा मोकळी सोडून. खाली मंडळातल्या कोणाचा तरी फोन नंबर लिहा. दिवाळीला लेकी-सुना, पुण्या-मुंबईचे भाऊ घरी जमले की त्या जागांसाठी फोन येतात.