राग आला की आधी त्याचं नाव विचारा

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान. सौदे सुरू झाले की माझा आवाज चढायचा, आणि सगळं हमालांवर निघायचं. बायको एकदा म्हणाली, "अहो, हा राग नव्हे, धास्ती आहे. दर पडला तर शेतकऱ्याला तोंड कसं दाखवायचं, ह्याची." खरं होतं.

तेव्हापासून आधी अंगाकडे बघतो. माझे कान तापतात. तुमच्या पोटात कालवत असेल. मग नेमका शब्द शोधायचा: चिडलोय, खजील झालोय, की धसका घेतलाय? 'टेन्शन आलंय' चालणार नाही, त्यात काहीही खपतं. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की बघणाऱ्याच्या मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोका हेरणाऱ्या भागाची, खळबळ कमी झालेली दिसली.

समोरच्याचं मन ओळखणं मला अजून जड जातं. म्हणून अंदाज न बांधता विचारतो, "दादा, नाराजी दरावर की वजनावर?" परवा एक शेतकरी म्हणाला, "कशावरच न्हाई, पोरीची फी भरायचीया." चहा मागवला आणि त्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब, पहिली केली.