जर्मन सहकारिणीच्या भाडेकराराची गोष्ट (माझा अनुभव)

मुंबईत बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) आमच्या ऑफिसात जर्मनीहून एक जण रुजू झाली. पण पगाराचं खातंच उघडेना! बँकेला पत्त्याचा पुरावा हवा, आणि कुर्ल्याच्या घरमालकाने नुसता नोटरीचा कागद टेकवलेला.

त्या घरमालक काकांना मी फोन लावला आणि कायदा सांगितला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५: लिव्ह अँड लायसन्स कराराची (ठराविक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार) नोंदणी सक्तीची आणि ती जबाबदारी मालकाची, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘कैद’ म्हटल्यावर काका एकदम गोड बोलायला लागले. नोंदणीसाठी एजंट घरीच मशीन घेऊन आला. अंगठे, फोटो, झालं. बँकेने तोच करार निमूट घेतला.

व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त असेल तर एफआरआरओची (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय) नोंदणीही आल्यापासून १४ दिवसांत करावी लागते. ती ऑनलाइन होते, ऑफिसातूनच उरकली.