छंदाचा चर्चामंच: वर्गणी, सर्व्हर आणि चाव्या

छंदासाठी इंटरनेटवर चर्चामंच काढायचा म्हटलं की लोक आधी विचारतात, सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं. मी इचलकरंजीत एका पतसंस्थेत हिशेब लिहिते, त्यामुळे माझा प्रश्न वेगळा असतो. पुढच्या वर्षी याच तारखेला बिल कोण भरणार? आणि तो माणूस आजारी पडला तर कोण? एवढं ठरलं की बाकीचं शिकता येतं.

मी ज्या मंचाचं काम बघते तो चावीच्या जुन्या घड्याळांचा आहे, मुख्यतः एचएमटीच्या. एचएमटीने १९६१मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळं करायला घेतली आणि २०१६मध्ये केंद्र सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. ‘जनता’, ‘पायलट’, ‘कोहिनूर’ अजून लोकांच्या मनगटावर आहेत, पण त्यांच्याविषयी विचारायला कंपनी उरलेली नाही. नंतर पुन्हा रंगवलेली डायल कशी ओळखायची, कुठल्या मशीनचा (घड्याळाच्या आतल्या यंत्राचा) कुठला भाग कशात बसतो, हे सगळं आता दुरुस्ती करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिरांच्या आणि हौशी मंडळींच्या डोक्यात आहे. ते फोटोंसकट, शोधलं की सापडेल अशा ठिकाणी लिहून ठेवणं मला फार मोलाचं वाटतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तोच प्रश्न पंधरा दिवसांनी पुन्हा येतो आणि मागे कुणी मेहनतीने दिलेलं उत्तर सुप्रभातच्या चित्रांखाली गाडलं जातं. फुकटच्या जागेचा भरवसाही धरवत नाही. याहू ग्रुप्स या फुकट सेवेवर जगभरच्या छंदिष्टांच्या वर्षानुवर्षांच्या चर्चा होत्या. २०१९च्या डिसेंबरात तो मजकूर काढून टाकला गेला आणि पुढच्या डिसेंबरात सेवाच बंद झाली.

तर स्वतःची जागा घ्यायची. आधी कागद घ्या आणि वर्षाचा खर्च मांडा. डोमेन नाव, म्हणजे साइटचा पत्ता: डॉट इनचं असेल तर साधारण हजाराच्या आतबाहेर. सर्व्हर: एक जीबी रॅमचा छोटा व्हीपीएस (मोठ्या यंत्राचा तुमच्यासाठी राखलेला भाग, तो तुम्हीच चालवायचा) महिन्याला ५-६ डॉलरला मिळतो, म्हणजे वर्षाला साधारण साडेपाच ते साडेसहा हजार रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. बॅकअपच्या जागेचे हजार-दीड हजार धरा. कार्डाने डॉलरमध्ये पैसे भरले की बँक वर दोन-तीन टक्के लावते, तेही धरा. एकूण दहा हजारांच्या आसपास येतं. हा आकडा मुद्दाम एवढाच राहू द्या. चाळीस जणांनी अडीचशे रुपये दिले की वर्ष निघतं, कुणा एका दात्याच्या मर्जीवर राहावं लागत नाही.

व्हीपीएस म्हटलं की बरेच जण घाबरतात. तुमच्यात लिनक्सची (सर्व्हरवर चालणाऱ्या प्रणालीची) सवय असलेला एकही माणूस नसेल तर शेअर्ड होस्टिंग घ्या, म्हणजे अनेक साइट एकाच सर्व्हरवर आणि देखभाल कंपनीकडे, त्यात कमीपणा काही नाही. पीएचपीबीबी किंवा मायबीबीसारखी मंचाची सॉफ्टवेअरं तिथे निवांत चालतात, दोन्ही फुकट आहेत. फक्त जाहिरातीतला पहिल्या वर्षाचा दर सोडून द्या आणि नूतनीकरणाचा दर विचारा, तो तिप्पट-चौपट असू शकतो. फायलींच्या संख्येवर मर्यादा किती तेही विचारा. जागा अमर्याद म्हणणारे पुष्कळ असतात, पण फायली इतक्याच हे करारात खाली बारीक अक्षरात असतं. डिस्कोर्स हे मंचाचं आणखी एक सॉफ्टवेअर दिसायला सुंदर आणि मोबाइलवर फारच सोयीचं आहे, पण ते शेअर्ड होस्टिंगवर चालत नाही आणि एक जीबी रॅममध्ये कसंबसं मावतं. दोन जीबी द्यायची तयारी असेल तरच त्याच्या वाटेला जा.

आमच्यासारख्या मंचाला मजकुराचं ओझं होतच नाही, ओझं होतं फोटोंचं. समजा रोज चाळीस फोटो चढतात. मोबाइलचा एक फोटो चार एमबीचा धरला तर दिवसाला १६० एमबी, वर्षाला ५८ जीबी. सर्वांत स्वस्त सर्व्हरवर साधारण २५ जीबी जागा असते, म्हणजे सहा महिन्यांत दारं बंद. तेच फोटो चढतानाच लांब बाजूला १,६०० पिक्सेलपर्यंत लहान केले तर एकेक तीनशे केबीच्या आसपास येतो आणि वर्षाला साडेचार जीबीत भागतं. ‘पायलट’चं मागचं झाकण उघडून काढलेल्या फोटोत बॅलन्सच्या चाकाजवळचे कोरीव आकडे या मापातही नीट वाचता येतात. बऱ्याच सॉफ्टवेअरांत फोटो लहान करायची ही सोय सेटिंगमधून चालू करता येते. त्याच ठिकाणी फोटोतली छुपी माहिती काढून टाकायचीही सोय शोधा. मोबाइलने काढलेल्या फोटोत घराचं अक्षांश-रेखांश असू शकतं, आणि आजोबांचं सोन्याचं घड्याळ कुठल्या घरात आहे हे जगाला कळायची गरज नाही.

जागा वाचवायला फोटो बाहेरच्या फुकट सेवेवर ठेवावेत असं कोणीतरी नक्की सुचवेल. ऐकू नका. २०१७मध्ये फोटोबकेटने दुसऱ्या साइटवर फोटो दाखवण्यासाठी वर्षाला ३९९ डॉलर मागायला सुरुवात केली आणि जगभरच्या मंचांवर जुन्या धाग्यांत (एका विषयावरच्या सलग चर्चेला धागा म्हणतात) फोटोंच्या जागी सूचनेची पाटी दिसू लागली. दुरुस्तीच्या धाग्यातून फोटो गेले की ‘आता हा स्क्रू फिरवा’ एवढंच उरतं.

मराठीसाठी दोन गोष्टी पहिल्या दिवशीच बघा, नंतर त्या निस्तरणं जिवावर येतं. मंचाचा मजकूर साठवणारा डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर अक्षरं साठवायची पद्धत, म्हणजे अक्षरसंच, ‘यूटीएफ८एमबी४’ हाच ठेवा. त्यातला जुना, नुसता ‘यूटीएफ८’ देवनागरीला पुरतो, कारण आपलं अक्षर तीन बाइटांत बसतं, पण इमोजीला चार लागतात. अशा डेटाबेसवर कोणी लांबलचक उत्तर लिहिताना मध्ये एक हसरा चेहरा टाकला तर सेटिंगनुसार संदेश जातच नाही किंवा चेहऱ्यापासून पुढचा सगळा मजकूर गायब होतो. दुसरी गोष्ट शोधाची. ‘दुसऱ्या’मधला र काही कळफलक एका पद्धतीने लिहितात, काही दुसऱ्या. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला वेगळे. म्हणून महत्त्वाच्या धाग्यांना शीर्षक देताना मॉडेलचं नाव आणि मशीनचा क्रमांक घालायचा नियम करा. आकडे सगळ्यांनी एकाच लिपीत लिहिले की ते शोधून सापडतात.

नव्या सदस्याला जाणारी पडताळणीची मेल ही आणखी एक अडचणीची जागा आहे. छोट्या सर्व्हरवरून थेट मेल पाठवली की ती स्पॅममध्ये जाते, आणि सर्व्हर देणाऱ्या अनेक कंपन्या तो मार्गच बंद ठेवतात. मेल पाठवणाऱ्या सेवांपैकी एखादीचं फुकट खातं उघडा, दिवसाला काही शे पत्रांपर्यंत पैसे पडत नाहीत. डोमेनच्या नोंदींत एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच तुमच्याकडून आल्याच्या खुणा) भरून ठेवा, नाहीतर जीमेलवाले सदस्य ‘मेल आलीच नाही’ म्हणून कंटाळून निघून जातील. साइटशी जोडणी सुरक्षित करणारं एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं, त्याला पैसे मोजू नका. अलीकडे एआय कंपन्यांचे बॉट (आपोआप पानं वाचणारे प्रोग्राम) जुने धागे इतक्या वेगाने उपसतात की छोटा सर्व्हर धापा टाकतो. लॉगिन न केलेल्यांना शोधाची सोय बंद ठेवली तरी पुष्कळ फरक पडतो.

आता बॅकअप. इथे मी कुणाचं काही ऐकत नाही. १० मार्च २०२१ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत गेली, आणि ज्यांचा बॅकअपही तिथेच होता त्यांचं सगळंच गेलं. सर्व्हर एका कंपनीचा असेल तर बॅकअप दुसऱ्या कंपनीकडे ठेवा आणि डोमेन तिसरीकडे. रोज रात्री डेटाबेसची प्रत, आठवड्याला फोटोंची. आणि महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरच्या हार्ड डिस्कवर उतरवून, लॅपटॉपवर मंच उभा करून, एखादा जुना धागा उघडून बघा. फोटो दिसले, अक्षरं चौकोनी झाली नाहीत, तरच तो बॅकअप. नुसती फाइल तयार होते आहे यावर समाधान मानू नका.

पैसे गोळा करायच्या पद्धतीत मला गणेश मंडळाची वर्गणी आदर्श वाटते: मंडपात फळ्यावर जमाखर्च लागलेला असतो आणि येणारा-जाणारा वाचतो. तसा एक धागा सगळ्यात वर चिकटवून ठेवा. वर्षातून एकदाच आवाहन करा, दर महिन्याला हात पसरला की माणसं तो धागा उघडायचं सोडतात. आवाहनात आधी गेल्या वर्षीचा खर्च लिहा, बिलांचे फोटो पत्ता झाकून लावा, मग यंदाची गरज सांगा आणि रक्कम पूर्ण झाली की तिथेच ‘पुरे, आता नको’ असं लिहून थांबा. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे. गरज संपल्यावर नको म्हणणाऱ्या मंचाला पुढच्या वर्षी आठवडाभरात पैसे मिळतात. एका वर्षाचा खर्च शिलकीत असावा, त्याहून जास्त साठवू नये. देणगीदारांची नावं लिहा, पण रकमा लिहू नका. शंभर देणारा विद्यार्थी आणि दोन हजार देणारे डॉक्टर धाग्यावर सारखेच राहिले पाहिजेत. पैसे देणाऱ्याला वेगळा बिल्ला, वेगळा रंग, वेगळा विभाग यातलं काही देऊ नका. आमच्याकडची सगळ्यात उपयोगी उत्तरं ज्यांच्याकडून येतात त्यातल्या काहींना अडीचशे रुपयेही जड जातात.

घेण्याचं साधन म्हणून यूपीआय सर्वांत सोपं. पण रोजच्या पगाराच्या खात्यात घेऊ नका, त्यासाठी वेगळं बचत खातं उघडा. दूध, लाइटबिल आणि मंचाची वर्गणी एकाच पासबुकात आली की प्रामाणिक माणसालाही हिशेब देता येत नाही, हे मी रोज काउंटरवर बघते. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली अशी रक्कम, तुम्हाला मिळालेल्या इतर भेटींसह, ५०,००० रुपयांच्या वर गेली तर पूर्ण रक्कम करपात्र होते. खर्च लहान ठेवण्याचं हेही एक कारण आहे. परदेशातल्या सदस्यांचे पैसे घेताना जपा. भारतीय पासपोर्टवर तिकडे राहणाऱ्याने स्वतःच्या कमाईतून दिलेले पैसे परकीय योगदान धरले जात नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्यांचे, ओसीआय कार्ड असलं तरी, धरले जातात आणि मग परदेशी देणग्यांवरच्या एफसीआरए कायद्याचा प्रश्न येतो. अशा मंडळींना मी सांगते, पैसे नकोत, तुमच्याकडच्या घड्याळांचे फोटो आणि माहिती द्या. संस्था नोंदवायची घाईही करू नका. किमान सात सभासद, धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, दरवर्षीचं ऑडिट हे दहा हजारांच्या मंचाला झेपत नाही.

जाहिराती मात्र घेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. छोट्या मराठी मंचाला त्यातून चिल्लर मिळते आणि बदल्यात नकली घड्याळं विकणारेच तुमच्या पानावर येऊन बसतात.

कायद्याचं थोडक्यात. सदस्य जे लिहितात त्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९चं संरक्षण मंच चालवणाऱ्याला मिळतं, पण ते अटींवर. नियमांचं पान आणि तक्रार ऐकणाऱ्याचं नाव व संपर्क ठळक दिसेल असं ठेवा, आलेल्या तक्रारीची पोच लगेच द्या. मुदती अधूनमधून बदलतात, सध्याचे नियम मंत्रालयाच्या साइटवर वाचून घ्या. खरेदी-विक्रीचा विभाग असेल तर ‘व्यवहार तुमच्या जबाबदारीवर’ हे प्रत्येक धाग्याच्या वर आलं पाहिजे.

राहिल्या चाव्या, म्हणजे मंचाची खाती कुणाच्या हातात आहेत ते. डोमेन कुणाच्या नावावर, सर्व्हरचं खातं कुणाच्या मेलवर, कार्ड कुणाचं, ओटीपी कुणाच्या फोनवर हे एका कागदावर लिहा. चारही ठिकाणी एकच नाव आलं तर तो मंच त्या माणसाच्या तब्येतीवर चालला आहे. खाती वैयक्तिक मेलवर न काढता मंचासाठी वेगळा मेल करा, पण तो मंचाच्याच डोमेनवर नको, कारण डोमेन अडकलं की तो मेलही अडकतो. पासवर्ड दोघांकडे असावेत, आणि ते दोघे एका घरातले नसावेत. डोमेन तीन-चार वर्षांचं एकदम भरा. कार्डावरून पैसे आपोआप कापले जातील यावर विसंबू नका. १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशा वसुलीला आधी मंजुरी लागते, आणि परदेशी कंपन्यांची बिलं त्यात बऱ्याचदा अडकतात. मुदतीच्या महिनाभर आधीची तारीख दोघांच्याही कॅलेंडरात टाका आणि हाताने भरा.

एखाद्या वर्षी वर्गणी जमलीच नाही तर? मंच लगेच बंद करू नका. नवं लेखन थांबवा, सगळे धागे साध्या एचटीएमएल पानांत उतरवून घ्या, खासगी निरोप आणि मेल पत्ते त्यातून काढून टाका. अशी पानं फुकट किंवा जवळजवळ फुकट जागेवर राहू शकतात, मग खर्च फक्त डोमेनचा उरतो. महत्त्वाची पानं जुनी वेबपानं साठवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवरही जतन करा. सदस्यांना महिनाभर आधी कळवा, म्हणजे ज्याला आपलं लेखन उतरवून किंवा काढून घ्यायचं असेल त्याला वेळ मिळेल. शिल्लक पैशांचं काय करायचं ते त्याच हिशेबाच्या धाग्यावर विचारा आणि जे ठरेल त्याची पावती तिथेच लावा.